पाण्यात वाळलेलं दार

मी केमिस्ट्रीवाली. करणी, नजर, अंगात येणं... यावर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

बीदरजवळ कोळारच्या इंडस्ट्रियल एरियात, एका भाड्याच्या शेडमध्ये आमची लॅब आहे. पाण्याखालून काढलेल्या जुन्या वस्तू टिकवायच्या, हे आमचं काम. हुमनाबादकडच्या एका धरणात बुडालेल्या गावातल्या देवळाचा सर्व्हे चालू होता, तेव्हा त्या गावचे संगप्पा अप्पा भेटायला आले.

"देवळाला लागूनच आमचं घर व्हतं, बाई. दार माझ्या बापानं कोरल्यालं. बापाचा एक फोटो बी न्हाई माझ्याकडं..."

रीतसर परवानगी घेऊन आमचे डायव्हर इरफानभाई यांनी ते दार वर काढलं. सागवानी, त्यावर समोरासमोर दोन पोपट. अप्पा पोपटांवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभे होते.

अशा लाकडात वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं. ते एकदम वाळलं की आकसतं, फुटतं, हातात काही उरत नाही. म्हणून ते टाकीत बुडवून ठेवायचं आणि मेणासारखं एक रसायन सावकाश आत जिरवायचं. मी हे आधी बऱ्याच वेळा केलंय.

एके दिवशी सकाळी टाकीचं झाकण काढलं, तर दोन्ही पोपटांच्या मधून तडा गेलेला. टाकी काठोकाठ भरलेली. मी आणि इरफानभाईंनी दार उचललं — त्याच्यावरून पाणी निथळलंच नाही. खडखडीत कोरडं. उन्हात ठेवल्यासारखं गरम.

"पानी तो पूरा था, मॅडम," इरफानभाई एवढंच म्हणाले.

मग टाकी बदलली, पाणी बदललं, ओल्या गोणपाटात गुंडाळून पुन्हा बुडवलं. पुण्याच्या माझ्या सरांना फोन केला. त्यांना वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तडे वाढतच गेले.

शेवटी अप्पांना बोलावून घेतलं. ते टाकीवर वाकले.

"पाण्यातच हाय न्हवं? मग कामून वाळायलंय?"

"कळत नाही, अप्पा."

"काय तर करा की, बाई."

करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं... आमच्यादेखत एक पोपट सुटला. पाणी प्यायलेलं लाकूड तळाला जातं. हा तुकडा कागदासारखा अलगद वर आला. अप्पांनी तो उचलायला हात घातला आणि त्यांच्या बोटांत त्याचा भुगा झाला. त्या आठवड्यात सगळं दार गेलं.

उरलेल्या ढलप्या तपासायला पाठवल्या. साधं सागवान, दोष काही नाही, असं उत्तर आलं. पाण्यात बुडालेलं लाकूड वाळलं कसं, हे मला आजही सांगता येत नाही.

परवा अप्पांचा फोन आला होता. "आईचं जातं अजून तिथंच असंल, बाई. ते दगडाचं हाय. ते तर वाळणार न्हाई न्हवं?"