फोन मी उचलला होता

गेल्या गुरुवारी एक गोष्ट झाली... मनातून जातच नाहीये, म्हणून लिहितोय. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारलंय, नाव तेवढं बदललंय.

मी इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करतोय. या सेमिस्टरला सायकॉलॉजीच्या एका प्रोफेसरबाईंकडे काम मिळालं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्यांना पुढे कोणते उपचार उपयोगी पडतात यावर ज्या ट्रायल्स झाल्या, त्या कितपत नीट केल्यात हे तपासायचं. एकेक पेपर वाचायचा आणि फॉर्मवर मार्क द्यायचे.

मार्क कापण्यात मी आमच्या गणिताच्या सरांच्या वरताण निघालो! ज्या ट्रायलमधली बरीच माणसं मध्येच गळाली, तिथे तर सरळ शून्य. साधी आपल्या ट्रायलमधली माणसं सांभाळता येत नाहीत यांना, असं वाटायचं.

गुरुवारी बाईंनी माझा फॉर्म पाहिला. म्हणाल्या, शून्य दे, पण माणसं नेहमी स्वतःहून जात नाहीत... कधी कधी घरातलंच कुणी फोनवर सांगून टाकतं की तो आता इथे राहत नाही.

मला आमच्या घरचा एक फोन आठवला.

मागच्या वर्षी माझा रूममेट मंदार, नागपूरचा, त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला होता. वाचला. मग हॉस्पिटलमधल्याच एका स्टडीत त्याने नाव दिलं. त्यातल्या एक बाई दर आठवड्याला आमच्या लँडलाइनवर फोन करून त्याची चौकशी करायच्या.

आम्ही रूममेट्सनी ठरवलं होतं, हे बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. एका शनिवारी घरी गणपतीच्या कार्यक्रमाची मीटिंग होती, दहा-बारा मराठी मंडळी, दोन काकूही. नेमका तेव्हाच त्या बाईंचा फोन आला. सगळ्यांदेखत मी सांगितलं, तो इंडियाला परत गेला, प्लीज पुन्हा करू नका.

मंदार आतल्या खोलीतच होता. मी त्याला काही बोललो नाही. फोन बंद झाले आणि मला वाटलं, बरं झालं, आता हे सगळं तो लवकर विसरेल. स्वतःला फार शहाणा समजत होतो मी.

पुढे त्याने शिक्षण सोडलं. आता नागपूरला घरी असतो. गुरुवारी संध्याकाळी कॉलिंग कार्डवरून त्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

तो म्हणाला, "अबे, तू होता का तो... मला वाटलं, त्या बाईलाही माझा कंटाळा आला."

आज तो बरा आहे, देवाची कृपा. पण वर्षभर तो हेच मनात घेऊन जगला... आणि त्यातले कितीतरी महिने मी शेजारच्या खोलीत होतो.