काट्यावरची शेवटची मूठ

द्वारकाअक्कांची आणि माझी पहिली ओळख झाली ती हात धुण्यावरून. केजच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये आपली बायकांची सहकारी संस्था अंगणवाड्यांसाठी पौष्टिक पीठ तयार करत असे. भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाण्याचं कूट, गूळपूड आणि चवीपुरतं मीठ. त्या वर्षी संस्थेने वजनाचं अर्धस्वयंचलित यंत्र घेतलं आणि ते बसवायला मी गेलो. खोकं उघडून काट्याला हात लावणार, तोच मागून आवाज आला, "मिस्त्री, हात धुतले का?"

मी म्हणालो, "बाई, धुऊन काय करू? आता ग्रीसमध्येच घालायचेत."

"कशात बी घाला. पण हितं लेकरांच्या तोंडात जायचं काम हाय. धुऊन या."

मी निमूट धुऊन आलो. वजन विभागाच्या प्रमुख द्वारकाअक्का त्या ह्याच, हे नंतर कळलं. त्यांच्या पंचाहत्तरीच्या ह्या ग्रंथात मी लिहावं असा संस्थेचा आग्रह आहे. माझा हात पान्याला सरावलेला, पेनाला नव्हे. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

अक्कांचं शिक्षण चौथीपर्यंत. यंत्र येण्याआधी कित्येक वर्षं त्यांनी तागडीवर माल तोलला होता, त्यामुळे यंत्राला त्याच विरोध करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. "मला कंबर हाय अन् ती दुखती, येऊ द्या यंत्र," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. आठवड्याभरात त्या यंत्र शिकल्या. दुसऱ्या आठवड्यात मलाच प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा मात्र मला थोडा राग यायचा. खोटं कशाला बोलू?

ते साल दुष्काळाचं. शेडवर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. अक्कांनी नियम केला, प्यायचं आणि हात धुवायचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरलं तर चहा. उरायचं कुठलं? मी पडलो चहाबाज. चहा नसला की डोकं धरतं आणि जिभेवर ताबा राहत नाही. दोन-चार दिवस माझी चिडचिड त्यांनी पाहिली. पाचव्या दिवशी पदराखालून एक लहान बाटली काढून माझ्या हातात दिली. घरचा चहा. घरच्या पाण्याच्या वाट्यातला. "शेडच्या मागं जाऊन प्या. बाकीच्यांना दिसला तर त्यांना वाईट वाटंल," एवढंच म्हणाल्या. यंत्र नीट चालू होईपर्यंत ती बाटली रोज येत राहिली.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून मी लेखणी हातात धरली, ती सांगतो. तीत माझीच शोभा आहे, पण गौरवलेखात खोटेपणा नको.

यंत्राचं काम असं. गहू आणि डाळ वरच्या टाक्यांतून आपोआप तोलून खाली यायची. गूळपूड मात्र बाईने काट्यावरच्या डब्यात हाताने ओतायची. वजन बरोबर झालं की हिरवा दिवा लागायचा. मग तिने कळ ओढायची, डब्याचा तळ उघडायचा आणि माल मिक्सरमध्ये पडायचा. असा एकेक घाणा निघे. गूळपुडीच्या काट्यावर रुक्मिण नावाची बाई होती. जवळपासच्या कारखान्यांना त्या साली ऊस नव्हता, ऊसतोडीच्या टोळ्या पार कर्नाटकात चालल्या होत्या. रुक्मिणचा नवरा टोळीबरोबर गेला, पण लग्नानंतर पहिल्यांदाच ती कोयत्यावर गेली नाही. काम मिळालं म्हणून ती राहिली आणि ती राहिली म्हणून तिची मुलगी शाळेत राहिली.

महिनाभरात माल परत आला. गूळ प्रमाणापेक्षा जास्त, पिशव्यांत पिठाचे गोळे. पुन्हा असं झालं तर पुरवठा बंद, असं बजावणारं पत्रही आलं. मी दोन दिवस काटा खोलून तपासला. काटा चोख होता. नोंदीतलं प्रत्येक वजन बरोबर होतं. बैठकीत मी अध्यक्षबाईंना ठासून सांगितलं, "यंत्र चुकत नाही. काट्यावरची बाई चुकते. तिला काढा."

अध्यक्षबाई मान डोलावू लागल्या. अक्का म्हणाल्या, "दोन दिस थांबा."

ते दोन दिवस त्या रुक्मिणच्या शेजारी पोत्यावर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना दिसलं. हिरवा दिवा लागला, रुक्मिणने कळ ओढली, आणि तळ उघडा असतानाच शेजारच्या घमेल्यातली चांगली ओंजळभर गूळपूड वरून सोडली. काट्याला त्याचा पत्ताच नाही. अक्का ओरडल्या नाहीत. "कावून गं?" एवढंच विचारलं.

"अक्का, लेकरांना कुनी नुसतं तोलून देतं का?" रुक्मिण म्हणाली. "माप झाल्यावर वर एक मूठ घालावीच लागती. न्हाईतर देनाऱ्याचं मन बारीक म्हनतेत. त्यात दुस्काळ हाय."

आमच्याकडची ही रीत. धान्य देताना मापावर मूठ टाकल्याशिवाय हात मागे घेत नाहीत. माझी आईही घ्यायची नाही. पण मी बैठकीत पुन्हा तेच म्हणालो, नियम म्हणजे नियम, बाई बदला.

अक्का म्हणाल्या, "बदला की. दुसरी आनली तरी ती बी मूठ टाकंल. हात आमच्या सगळ्याजनींचा तसाच हाय, रुक्मिण घावली एवढंच." मग माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुमचं यंत्र एक मूठ आधी थांबतं का?"

मला आधी कळलंच नाही. त्यांचं म्हणणं असं की गूळपूडही वरच्या टाकीतूनच येऊ द्या, पण वजन पुरं व्हायला मूठभर कमी असताना थांबू द्या. उरलेली मूठ बाईने हाताने घालायची, हिरवा दिवा लागेपर्यंत. "वजन बी बरोबर, अन् वरची मूठ बी तिच्या हातची. मग ती चोरून कशाला टाकंल?"

असं कुणी करत नाही, म्हणून मी तणतणलो. नंतर बसलो आणि दोन दिवसांत ते केलं. पुढचा माल पास झाला, त्याच्या पुढचाही. रुक्मिण काट्यावर राहिली. मी अक्कांची माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "माझी कशाला? तिला यंत्र शिकवा." शिकवलं. आज वजन विभाग रुक्मिणबाई सांभाळतात आणि त्यांची मुलगी बीडला नर्स आहे.

पुढे एका मोठ्या कारखान्यात मला एका इंजिनिअरने कौतुकाने सांगितलं, बराचसा माल भराभर घ्यायचा आणि शेवटचा थोडा सावकाश, म्हणजे वजन चुकत नाही. मी म्हणालो, साहेब, हे आम्हाला चौथी शिकलेल्या बाईंनी पोत्यावर बसून शिकवलंय.

अक्का अजूनही दर सोमवारी शेडवर येतात आणि आधी सगळ्यांचे हात बघतात, माझेही. अक्का, तुमची कंबर दुखायची थांबो, नजर अशीच शाबूत राहो. तुमच्या वाट्याची शंभर वर्षं देवाने काट्यावर चोख तोलून द्यावीत. हिरवा दिवा लागला की कळ ओढावी, आणि तळ उघडा असतानाच वरून एक मूठ सोडावी. ती नोंदीत येणार नाही, मला ठाऊक आहे. या वेळी मी तक्रार करणार नाही.