पुसलेल्या टेपांचा आवाज

शुक्रवार पेठेतल्या सलूनमध्ये नंबर यायची वाट बघत मी मोबाइलवर अंतराळयानाची एक जुनी मालिका ऐकत होतो. ऐकतच, कारण बघायला काही उरलेलं नाही. मालिका बनवणाऱ्या कंपनीनेच त्या भागांच्या टेपा पुसून दुसऱ्या कार्यक्रमांना वापरल्या. आणि आता, प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घेतलेला आवाज मागून घेऊन तोच दिमाखात बाजारात आणलाय!

खुर्चीतल्या अनोळखी काकांनी गालावर फेस असतानाच न्हाव्याचा हात बाजूला केला.

"वाढवा की आवाज. ह्यो भाग माझ्या कॅसेटवरचा हाय. मीच दिली त्यांना. परत न्हाय आली."

त्यांनी डोळे मिटले. मांडीवर त्यांची बोटं मागाच्या धोट्यासारखी इकडून तिकडं पळत होती. शेवटचं संगीत थांबलं, तरी ते कान देऊन बसलेलेच.

"संपलं, काका."

"संपलं कसं? फुडं आमचे वडील बोलत्यात की! घरात माग चालायचे, त्या खडखडाटात रेकॉर्ड कसं व्हायचं? म्हणून मालिकेपुरते ते माग थांबवायचे. सणाला बी थांबवले न्हाईत कधी! मालिका संपली की तेलुगूत विचारायचे, 'झालं का रे? लावू का माग?'"

कंपनीने मालिकेबाहेरचं सगळं काढून आवाज 'स्वच्छ' केल्याचं मी वाचलं होतं. तसं त्यांना सांगितलं आणि सांगताना माझीच मला चीड आली. स्वच्छ म्हणे! तो माणूस काय कचरा होता?

काकांचे कान लालबुंद झाले.

"आधी चित्र पुसलं," ते म्हणाले. "आता माझा बाप पुसला."