तेरचा रोमी दिवा

तेरच्या तेलघाण्याचे ते मालक बोलण्याआधी घसा खाकरून मिशीला तेलाचं बोट लावत. गावच्या टेकाडात सापडलेला मातीचा दिवा त्यांच्या देवापुढं तेवत असे. निजामाच्या अमलात हैदराबादचा एक साहेब तो संग्रहालयासाठी न्यायलाच आला.

"रोमी दिवा आहे. विलायतेत डोव्हर बंदरातही अस्साच सापडलाय."

"म्हंजे तेरचा माल पार तिथवर गेला म्हणा की!"

साहेबानं हात पुढं केला.

"न्या की! पण देवाचा दिवा आमी विझवत न्हाय. तेल सरू द्या."

साहेब बसला. मी तेव्हा घाण्यावर कामाला होतो. मालक गप्पा मारता मारता माझ्याकडं बघून डोळा मिचकावत आणि दिव्यात हळूच तेल ओतत. दुपारी परतीच्या गाडीची शिट्टी झाली, तसा साहेब रिकाम्या हातानं स्टेशनाकडं पळाला.

मालकांनी खाकरून मिशीला बोट लावलं आणि मागून हाक दिली, "साहेब, दिवा रोमचा असंल, तेल आमचं हाय!"