खडूच्या रेघा

रोज सकाळी लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आई खिडकीपाशी बसायची, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायची, पहिल्याच फटक्यात ते सुईत ओवायची आणि म्हणायची, "गेला!" तो शब्द ऐकला की लेक पुढचं शटर वर ओढायची आणि कपड्यांना चिठ्ठ्या लावायला काउंटरवर बसायची. अकरा वर्षं दोघींचा दिवस असाच सुरू झाला.

आई रफू करायची. सिगरेटनं पाडलेलं भोक असो की उंदरानं कुरतडलेली कड, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले धागे उपसून ती अशी विणायची, की गिऱ्हाईक उजेडात धरून भोक शोधत राहायचं. "सापडलं तर मलाही दाखवा," ती म्हणायची.

फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तरी तिनं सुई ठेवली नाही. केमोच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "पाणी भरपूर प्या." लेकीनं ते मनावर घेतलं. आईच्याच मेणखडूनं लिटरभराच्या बाटलीवर रेघा मारल्या आणि दिवसाला तीन बाटल्या ठरवल्या.

"अगं, माणूस आहे मी, हंडा नाही," आई कुरकुरायची. पण प्यायची.

मग डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं. एका सकाळी "गेला!" आलंच नाही. लेक आत गेली, तर आई सुईच्या टोकदार बाजूनं दोरा ओवू बघत होती. लेकीकडे वळून म्हणाली, "बाई, तुमचा कोट कुठला?"

"वय झालं, भ्रमिष्ट झाली," लेकीचा भाऊ म्हणाला. मोठ्या डॉक्टरांनी फाइल न उघडताच निदान केलं, "आजाराचा धसका घेतलाय," आणि मनावरची गोळी लिहून दिली. गोळी सुरू केल्याच्या नवव्या दिवशी आईला आकडी आली आणि तिला हॉस्पिटलात भरती केलं.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरणीनं मात्र फाइल उघडली.

"हे सोडियम कुणी बघितलंच नाही? गाठीतून एक हार्मोन सुटतंय, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी बाहेर सोडत नाहीत. रक्तातलं मीठ पातळ झालंय आणि मेंदूला सूज आलीय." तिनं ती गोळी आधी बंद केली. "हिनंही सोडियम उतरतं." मग जास्त मिठाचं सलाईन आणि दिवसाला लिटरभर पाणी, त्यावर घोटभरही नाही.

लेकीनं फाइल चाळली. आधीच्या दोन रिपोर्टांवर सोडियमच्याच आकड्यापुढे छापील चांदणी होती, आकडा बिघडल्याची खूण. पहिली अठरा दिवसांपूर्वीची. दिवसभर परक्यांच्या शर्टांच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्या तिनं आईचा कागद वाचला नव्हता. पण तो वाचणं हे काम कुणाचं होतं?

तिनं मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "ही चांदणी कशासाठी छापतात?"

"हे बघा, या आजारात आकडे वरखाली होतातच."

"एक चिठ्ठी चुकली तर लॉन्ड्रीचा मालक मला दारात उभं करत नाही, डॉक्टर. तुम्ही माझ्या शहाण्या आईला वेडी ठरवलंत! आणि मी तुमच्या सांगण्यावरून रेघ दाखवून दाखवून तिला पाणी पाजलं!"

"आता सुधारतायत ना?" ते घड्याळाकडे बघून म्हणाले आणि उतरून गेले. लेकीनं तक्रार लिहून दिली. उत्तर एका ओळीचं आलं: नोंद घेतली आहे.

सोडियम हळूहळू चढवावं लागलं. पाचव्या दिवशी आईनं लेकीकडे नीट पाहिलं. "केस विंचर जरा. अवतार बघ."

त्यानंतर आईला पाच महिने मिळाले. मागच्या खोलीतून पुन्हा "गेला!" ऐकू यायचं. बाटली तीच होती, रेघाही त्याच, फक्त आता ती दिवसाला एकच भरायची. इतक्या थोड्या उरलेल्या आयुष्यातले अठरा दिवस त्या चांदणीकडे कुणी बघितलं नाही, हे लेक आजही कुणाला माफ करत नाही, स्वतःलाही नाही.

शेवटच्या दुपारी बाटली शेवटच्या रेघेच्या खाली गेली होती. लेक उशाशी चहा पीत बसली होती. आईनं हात पुढे केला.

"तुझ्यातला एक घोट दे. आणि हा रेघेत धरू नकोस."