सत्काराची वही

आमच्या पुण्याच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा दुबईतला मेळावा म्हणजे पोटं सुटलेल्या पन्नाशीतल्या लोकांनी एकमेकांच्या गाड्यांच्या चाव्या न्याहाळायच्या. मी दरवर्षी जातो, न्याहाळतो. म्हणून अल बर्शातल्या हॉटेलात शनिवारी दुपारी दुसऱ्याच कॉलेजच्या मेळाव्याचं बोलावणं आलं, तेव्हा बायकोला म्हणालो, "चल, फुकटचं जेवण." एवढीच माझी लायकी.

ते कॉलेज अमेरिकेतलं. बाकीच्या कॉलेजांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, तेव्हा त्यांच्यासाठी निघालेलं. आम्हाला बोलावणारी बाई तिथंच शिकलेली. नऊ वर्षांपूर्वी ती दुबईतल्या आमच्या शाळेत गणिताची शिक्षिका व्हायला आली होती. मी त्या शाळेच्या एचआरमध्ये होतो, अजूनही आहे. मुलाखतीत ती इतकी उजवी ठरली, की प्रिन्सिपॉलना नकाराला कारण सापडेना. मला म्हणाले, "अहो, अमेरिकन टीचर म्हटलं की पालकांना गोरी लागते. तुम्ही बघा काहीतरी."

मी बघितलं. तिच्या डिग्रीच्या मान्यतेचं पत्र शाळेत आलं होतं, ते खणात टाकलं. महिनाभर तिला फोनवर सांगत राहिलो, "पेपर अडकलेत, मॅडम. इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात." खोट्याला देवाचं नाव लावायलाही मला काही वाटलं नाही.

शेवटी तिनं नाद सोडला आणि शारजात, रोल्ला भागात, गणिताचे वर्ग काढले. गणितात आपटणारी आमचीच पोरं तिथं जाऊ लागली. माझी मुलगीसुद्धा. ती इंजिनिअरिंगला गेली तेव्हा तिच्या मॅडमना पेढे द्यायला बायको गेली. मी खाली गाडीत बसून राहिलो.

मेळाव्याच्या हॉलमध्ये चाव्या दिसल्या नाहीत. सगळ्यात जुन्या तुकडीची एक म्हातारी नर्स आधी उभी राहिली, मग एक पायलट, मग वकील, आणि प्रत्येकासाठी सगळा हॉल उठत होता. एक जाड वही टेबलोटेबली फिरत होती. सत्कारमूर्तीची आठवण त्यात लिहायची आणि लिहिणाऱ्यानंच ती माईकवर वाचायची, हा त्यांचा रिवाज.

आमच्या बाईंचा सत्कार झाला. त्या म्हणाल्या, "माझे पेपर अडकले होते, तेव्हा या सरांनी महिनाभर मला धीर दिला. सर, प्लीज, उभे राहा."

मी उभा राहिलो. टाळ्या घेतल्या. वर हातही जोडले.

"अहो, कधी बोलला नाहीत!" बायको म्हणाली.

"त्यात काय सांगायचं?" आवाजात मी विनयसुद्धा आणला.

वही आमच्या टेबलावर आली. "नीट लिहा हं, ऑफिसच्या मेलसारखं नको. लेकीला फोटो पाठवते," म्हणत बायकोनं फोन काढला.

मी लिहिलं: तुमचे पेपर कधीच अडकले नव्हते. ते माझ्या खणात होते. तुमचा रंग बघून तुम्हाला नाकारायचं ठरलं आणि ते काम मी केलं.

बायकोनं वाचलं. फोन पालथा ठेवला. "हे वाचणार तुम्ही? तिच्यासमोर?"

"हो."

"आणि लेकीला?"

"तिलाही मीच सांगेन."

माझ्या नावाचा पुकारा झाला. माईक द्यायला बाई स्वतःच पुढं आल्या, हसत. मी वही उघडली आणि आधी त्यांना म्हणालो, "मॅडम, तुम्ही बसून घ्या."