पावडरीवर बादली फुकट

कोपरखैरण्यातल्या आमच्या सुपरमार्केटात कंपनीची एक सेल्सगर्ल रोज कपड्यांच्या पावडरीपाशी उभी असायची. दोन पाकिटांवर बादली फुकट. बोलता बोलता कलिंगड विकल्यासारखी बादलीवर टिचकी मारायची.

एकदा मी पाकिटावरचं वजन वाचलं. "ताई, किंमत तीच आणि किलोचं पाकीट आठशे ग्रॅमचं? मग बादली आम्हीच विकत घेतोय की!"

"काका, हळू बोला ना," ती हसून म्हणाली. "गणित मलापण येतं. आज अजून चार पाकिटं खपली नाहीत, तर उद्या इथे दुसरी उभी असेल."

तेवढ्यात मागच्या बाईंनी मलाच विचारलं, "भाऊ, परवडतं का हो हे?"

आजवर मी कुणाला चुकीचा आकडा सांगितलेला नाही. तेव्हाही सांगितला नाही. म्हणालो, "बादली मजबूत आहे."

त्यांनी दोन पाकिटं घेतली. उरलेली दोन मी निमूटपणे उचलली.